शंका सोबत घेऊनच पहिल्या बैठकीला जा

वाचकाचे पत्र (संक्षिप्त):

"मी मूळची नाशिकची. ओहायो राज्यातील एका विद्यापीठात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रयोगशाळेत माझ्यासोबत काम करणारी एक मुलगी अल्फा फाय ओमेगा या सेवाभावी फ्रॅटर्निटीची, म्हणजे विद्यार्थी संघटनेची, सदस्य असून, मीही त्यात यावे असा तिचा आग्रह आहे. 'फ्रॅटर्निटी' म्हटल्यावर बाबा घाबरले. दारूच्या पार्ट्या आणि रॅगिंग एवढेच त्यांनी त्याबद्दल ऐकले आहे. आई म्हणते की, अभ्यास सोडून हे उद्योग कशाला. मला स्वतःलाही शंका आहेत. सेवा करण्यासाठी वर्गणी का भरायची? रेझ्युमेवर एक ओळ वाढावी म्हणून आलेल्या मुलांबरोबर राहून मला काय मिळणार? शिवाय मी अबोल आहे. तिथली सगळी मुले एकमेकांची जुनी मित्र असल्यासारखी वागतात. पण इथे येऊन वर्ष उलटले तरी वसतिगृह, वर्ग आणि ग्रंथालय यांपलीकडे माझे काहीच नाही, हेही मला खुपते. मी काय करावे?"

प्रिय विद्यार्थिनी,

तू जावेस असे माझे मत आहे. मात्र सदस्य व्हायचे की नाही, हे आज ठरवण्याची गरज नाही, आणि तुझ्या शंकाही आधी मिटवण्याची गरज नाही. या संस्थेत पूर्ण सदस्य होण्यापूर्वी काही आठवड्यांचा उमेदवारीचा काळ असतो, ज्याला तिथे 'प्लेज' काळ म्हणतात. त्या काळात तू कामे करून पाहशील, माणसे पाहशील, आणि नको वाटले तर मध्येच थांबू शकशील. पटेल की नाही, हे घरी बसून विचार करण्यापेक्षा तिथे काम केल्यावर अधिक लवकर कळते.

प्रथम तुझ्या बाबांविषयी लिहिते, कारण त्यांची भीती निराधार नाही. अमेरिकी महाविद्यालयांत ग्रीक अक्षरांची नावे असलेल्या संघटनांची परंपरा १७७६ साली विल्यम अँड मेरी कॉलेजात स्थापन झालेल्या फाय बीटा कॅपापासून सुरू होते, आणि पुढे त्यांचे अनेक प्रकार झाले. त्यांतील 'सोशल' फ्रॅटर्निटी, म्हणजे ज्यांची स्वतःची घरे असतात आणि ज्यांत सहसा फक्त मुलगे असतात, त्यांच्यात नवागतांच्या छळाचे प्रकार घडले आहेत आणि त्यांत मुलांचे प्राणही गेले आहेत. तुझ्याच राज्यात एका विद्यार्थ्याच्या अशा मृत्यूनंतर २०२१ मध्ये 'कॉलिन्स लॉ' झाला. बळजबरीने दारू पाजण्यातून गंभीर इजा झाली, तर तो त्या कायद्याने मोठ्या शिक्षेचा गुन्हा ठरतो, आणि विद्यापीठांना अशा प्रकरणांचा अहवाल आपल्या संकेतस्थळावर जाहीर करावा लागतो. डिसेंबर २०२४ मध्ये संपूर्ण देशासाठीही असे अहवाल जाहीर करायला लावणारा कायदा झाला. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, त्यामुळे बाबांना हा विषय नवा नाही. त्यांना केवळ 'काळजी करू नका' असे सांगू नकोस. तुझ्या विद्यापीठाचा तो अहवाल उघडून दाखव आणि तुला बोलावणाऱ्या संघटनेचे नाव त्यात आहे का, हे दोघांनी मिळून पाहा. नाव असेल, तर तिथेच थांबावेस, असे मी निःसंकोच सांगेन.

अल्फा फाय ओमेगाची जडणघडण मात्र वेगळी आहे, आणि बाबांना तीही समजावून सांगण्याजोगी आहे. पेनसिल्व्हेनियातील ईस्टन गावच्या लाफाएट कॉलेजात १६ डिसेंबर १९२५ रोजी ती स्थापन झाली. फ्रँक रीड हॉर्टन हा तिचा संस्थापक. पहिल्या महायुद्धात तो नौदलात होता. महाविद्यालयात परतल्यावर त्याला वाटले की, बालवीर (स्काउट) चळवळीत मुले जी मूल्ये शिकतात, ती मोठे झाल्यावर सुटून जाऊ नयेत, यासाठी महाविद्यालयातच काही व्यवस्था हवी. त्याने आणि त्याच्या स्काउट सहकाऱ्यांनी नेतृत्व, मैत्री आणि सेवा ही तीन तत्त्वे समोर ठेवून ही संघटना उभी केली. पूर्वी सदस्य होण्यासाठी स्काउट असणे आवश्यक होते. आता तशी अट नाही. १९७६ पासून मुलींनाही अधिकृत प्रवेश मिळाला. मुलगे असोत वा मुली, सदस्य एकमेकांना 'ब्रदर' म्हणतात. सुरुवातीला ते कानाला खटकेल, पण त्याचा फार विचार करू नकोस. राहण्याचे घर, त्या घरातल्या पार्ट्या असा प्रकार या संघटनेत नसतो. प्रत्येक शाखेला, म्हणजे चॅप्टरला, सल्लागार असतात आणि त्यांत विद्यापीठातील अध्यापक किंवा कर्मचारी असतात. अमेरिकेबाहेर फिलिपिन्समध्येही ही संघटना १९५० पासून रुजलेली आहे. मनिलातील फार ईस्टर्न युनिव्हर्सिटीत तिची तिथली पहिली शाखा निघाली, आणि तुझ्या विद्यापीठातील फिलिपिनो विद्यार्थ्यांपैकी कोणाच्या तरी घरी आईवडील किंवा मामा-काका हिचे सदस्य असण्याची शक्यता बरीच आहे.

आता वर्गणीबद्दल. हा प्रश्न तू विचारलास हे योग्य केलेस. राष्ट्रीय संघटनेचे शुल्क आणि चॅप्टरची सत्रागणिक वर्गणी, असे दोन भाग असतात. त्यातून विमा, साहित्य, प्रवास, अधिवेशने आणि कार्यालय यांचा खर्च चालतो. तुझ्यासारख्या, रुपयांचे डॉलर करून शिकणाऱ्या मुलीला ही रक्कम लहान नाही, म्हणून पहिल्याच भेटीत खजिनदाराला स्पष्ट विचार: एकूण किती, कधी, हप्ते देता येतात का, सवलत मिळते का. विचारायला लाजू नकोस, कारण अमेरिकी विद्यार्थ्यांतही कर्ज काढून शिकणारे पुष्कळ असतात आणि हा प्रश्न त्यांना रोजचा आहे. उत्तर टाळले गेले किंवा आकडा दर वेळी बदलू लागला, तर ती शाखा नीट चाललेली नाही असे समज. परवडत नसेल, तर त्यातही कमीपणा नाही. फ्रॅटर्निटीचे सदस्य नसलेल्या विद्यार्थ्यांनाही बहुतेक विद्यापीठांत सेवाकार्याचे इतर मार्ग खुले असतात.

रेझ्युमेसाठी येणाऱ्या मुलांविषयी मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण तुझ्या पत्रातील या एका शंकेशी माझा दीर्घकाळचा संबंध आहे. महाविद्यालयात शिकवत असताना मी राष्ट्रीय सेवा योजनेची कार्यक्रम अधिकारी होते. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, ही योजना देशातील ३७ विद्यापीठांत सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि एक सात दिवसांचे विशेष शिबिर हा तिचा साचा तुला तुझ्या आतेभावंडांकडून किंवा शेजाऱ्यांकडून ठाऊक असेलच. एनएसएसला नाव घालायला येणाऱ्या मुलांपैकी बऱ्याच जणांच्या मनात वाढीव गुण असतात, हे मला पहिल्या दिवसापासून दिसत होते, आणि मी ते कधी त्यांच्या विरोधात धरले नाही. एका शिबिरात असाच एक मुलगा आला होता. गुणांपुरते यायचे आणि मागे बसायचे, असा त्याचा बेत उघड दिसत होता. त्याच्याकडे आम्ही कोठी सोपवली, म्हणजे शिधा मोजून देणे, हिशेब ठेवणे आणि उद्या काय लागेल याचा अंदाज बांधणे. दुसऱ्या दिवशी ओढ्यावर वनराई बंधाऱ्याचे काम होते. रिकाम्या सिमेंटच्या गोण्यांत माती आणि वाळू भरून त्या शिवायच्या आणि एकीवर एक रचायच्या. गावातले पुरुषही हाताला हात लावायला आले, त्यामुळे जेवणारी तोंडे अचानक वाढली, आणि डाळ कमी पडणार हे सर्वांत आधी त्या मुलाच्या लक्षात आले. कोणी सांगण्यापूर्वी तो दोन घरी जाऊन डाळ मागून घेऊन आला आणि रात्री ती उधारी वहीत लिहून ठेवली. पुढच्या वर्षी शिबिराच्या आखणीसाठी तो आपणहून आला. त्याला कोणी सेवेचे व्याख्यान दिले नव्हते. आपल्यावर काहीतरी अवलंबून आहे, हे त्याला कळले होते, इतकेच.

म्हणून माणूस कोणत्या हेतूने आला, यापेक्षा त्याला तिथे कोणते काम मिळते, हे मी अधिक महत्त्वाचे मानते. तुझ्या त्या चॅप्टरमध्येही तास मोजले जातील. उमेदवारीच्या काळात ठरावीक तास सेवा, काही बैठका, सोबत्यांशी ओळखीचे कार्यक्रम आणि एखादा उपक्रम स्वतः आखून पार पाडणे, असे टप्पे असतात. तास मोजणे कोरडे वाटते, पण त्याचा एक उपयोग आहे. परीक्षेच्या आठवड्यात, थंडीत, कंटाळा आलेला असताना माणूस ज्यामुळे उठून जातो, ते बहुधा उत्साह नसून दिलेला शब्द असतो, आणि तासांची नोंद हा त्या शब्दाचाच एक प्रकार आहे. रेझ्युमेसाठी आलेला मुलगादेखील शनिवारी सकाळी तुझ्यासोबत फूड बँकेत, म्हणजे गरजूंसाठी अन्न गोळा करून पुरवणाऱ्या केंद्रात, उभा असेल, तर त्या सकाळपुरते त्याच्या हाताने होणारे काम खरेच असते.

फूड बँकेचे उदाहरण मुद्दाम घेतले, कारण तुला तिथे जावे लागण्याची शक्यता सर्वाधिक आहे. १९६७ मध्ये ॲरिझोनातील फीनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल यांनी सुरू केलेल्या सेंट मेरीज या केंद्रापासून ही पद्धत वाढली, आणि आज सुमारे दोनशे फूड बँका एका राष्ट्रीय जाळ्यात आहेत. तिथे गेल्यावर तुझ्या हाती डब्यांची खोकी येतील. तारीख पाहायची, डबा फुगलेला आहे का पाहायचे, आणि सांध्यावर पोचा असेल तर तो बाजूला काढायचा, कारण सांधा उघडला की आतील अन्न दूषित होण्याची भीती असते. बाजूला उभी असलेली निवृत्त शिक्षिका तुला हे शिकवेल, आणि दोन तासांनंतर तू ते नव्याने आलेल्या कोणाला तरी शिकवत असशील. याच कामात तुला कळेल की, ज्या देशात प्रत्येक जण सुखवस्तू असेल असे आपण घरून समजून येतो, त्या देशात नोकरी असूनही महिनाअखेर घरात अन्न कमी पडणारी कुटुंबे तुझ्या वसतिगृहापासून बसने जाण्याच्या अंतरावर राहतात. हे वर्गात कळत नाही.

मला वाटणारा सर्वांत मोठा लाभही इथेच आहे. शिकायला परदेशी गेलेली आपली पुष्कळ मुले चार-चार वर्षे त्या गावात पाहुण्यासारखी राहतात. विद्यापीठाचा परिसर, भारतीय किराणा दुकान, विमानतळ आणि दिवाळीचा कार्यक्रम, एवढाच त्यांचा नकाशा असतो. पाहुण्याला कोणी काही काम सांगत नाही, आणि ज्याला काम सांगितले जात नाही, त्याची कोणी वाटही पाहत नाही. 'वसतिगृह, वर्ग आणि ग्रंथालय यांपलीकडे माझे काहीच नाही' असे तू लिहिलेस, तेव्हा तुला मित्रांची उणीव जाणवते आहे असे तुला वाटले असेल. मला मात्र त्यात कोणाच्या तरी उपयोगी पडण्याची उणीव दिसली. ठरावीक दिवशी तू आली नाहीस तर ज्यांना फरक पडतो, अशी माणसे तुला त्या गावात हवी आहेत, आणि नियमाने केलेल्या सेवेतून ती मिळतात.

अबोल स्वभावाचे काय, असे तू विचारशील. माझ्या पाहण्यात अबोल मुलांना अशा संघटना समारंभांपेक्षा अधिक मानवतात. पार्टीत बोलणे हेच काम असते, त्यामुळे ज्याला बोलता येत नाही तो अपुरा ठरतो. खोकी भरताना, भिंत रंगवताना किंवा मुलांचा गृहपाठ घेताना हात चालू असतात आणि बोलणे हवे तेवढेच होते. तुझे इंग्रजीचे उच्चार, तुझे गप्प राहणे याकडे तिथे कोणाचे फारसे लक्ष जाणार नाही. शिवाय प्रत्येक नव्या उमेदवाराला एक जुना सदस्य जोडून दिलेला असतो. त्याला 'बिग' म्हणतात. आपल्याकडच्या थोरल्या ताईदादाची जागा तो घेतो. जुनी मुले एकमेकांची घट्ट मित्र दिसतात हे खरे, पण ती मैत्री अशाच शनिवारांतून जमलेली आहे. पहिले तीन-चार आठवडे अवघड जातील. त्या काळात प्रत्येक मोठ्या कार्यक्रमाला जाण्याऐवजी एकच छोटे, दर आठवड्याला होणारे काम निवड, जिथे तीच पाच-सहा माणसे पुन्हा पुन्हा भेटतील.

नेतृत्वाबद्दल थोडक्यातच लिहिते. बिल क्लिंटन जॉर्जटाउनमध्ये शिकत असताना या संघटनेत होते, आणि १९३१ ते १९४६ या काळात तिचे राष्ट्रीय अध्यक्ष असलेले एच. रो बार्टल पुढे कॅन्सस सिटीचे महापौर झाले. तुझा मित्रपरिवार अमेरिकी फुटबॉल पाहत असेल तर त्यांना सांग, त्या शहराच्या 'चीफ्स' संघाचे नाव याच बार्टल यांच्या टोपणनावावरून आले आहे. पण तुला उपयोगी पडणारे नेतृत्व यापेक्षा पुष्कळ लहान असते: व्हॅन ठरवणे, बारा जणांना वेळेवर हजर करणे, संस्थेच्या समन्वयकाला आदल्या दिवशी फोन करणे, आणि ऐन वेळी चार जण न आल्यास काम कसे उरकायचे ते ठरवणे. मुलाखतीत रेझ्युमेवरील ओळीला किंमत येते ती अशा प्रसंगांमुळे. ते सांगता आले नाहीत, तर ती ओळ कोणाच्या लक्षातही राहत नाही.

आईच्या प्रश्नाला तुला तासांत उत्तर द्यावे लागेल. अभियांत्रिकीचा अभ्यास, आणि परिसरात काही काम करत असशील तर तेही. विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना अशा पगारी कामाची मर्यादा आठवड्याला २० तासांची आहे. त्यात आठवड्याचे तीन-चार तास सेवेला निघतात का, हे कागदावर मांडून पाहा. प्रयोगशाळेच्या जड सत्रात उमेदवारी घेऊ नकोस, हलक्या सत्रात घे. पुढच्या सत्रातही ती घेता येते. धर्मादाय संस्थेत विनामोबदला सेवा करण्यास व्हिसाची सहसा अडचण येत नाही, पण एरवी पगार देऊन जे काम करून घेतले जाते, ते फुकट करणे मात्र अडचणीचे ठरू शकते. त्यामुळे काही वेगळे काम समोर आले, तर विद्यापीठातील आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला आधी विचार. आणखी एक बारीक गोष्ट: रक्तदान शिबिरे हा या चॅप्टरांचा नेहमीचा उपक्रम आहे, परंतु हिवताप असलेल्या देशात दीर्घकाळ राहून आलेल्यांना तिथे सर्वसाधारणपणे तीन वर्षे रक्त देता येत नाही. तुला परत पाठवले तर मनाला लावून घेऊ नकोस. नोंदणीच्या टेबलावर किंवा रक्त दिल्यानंतर लोकांना बसवून फळांचा रस देण्याच्या जागी माणसे नेहमीच कमी असतात.

सगळेच चॅप्टर चांगले असतात असे मी म्हणणार नाही. काही ठिकाणी तासांचा हव्यास एवढा वाढतो की, ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांचीच अडचण होते. काही ठिकाणी चार जणांचा कंपू सगळे ठरवतो. म्हणून माहितीच्या बैठकीत गोड भाषणांपेक्षा हे विचार: तुम्ही कोणत्या संस्थेकडे सलग किती वर्षे जात आहात? मागच्या सत्रातील किती उमेदवार मध्येच सोडून गेले, आणि का? परीक्षेच्या आठवड्यात सवलत मिळते का? सल्लागार कोण आहेत, आणि मी त्यांना भेटू शकते का? एकाच अन्नछत्रात किंवा एकाच शाळेत वर्षानुवर्षे जाणारा चॅप्टर, दर आठवड्याला नव्या ठिकाणी जाऊन छायाचित्रे काढणाऱ्या चॅप्टरपेक्षा मला केव्हाही विश्वासार्ह वाटतो. उमेदवारीच्या काळात कोणी तुला अपमानास्पद, गुप्त किंवा शरीराला त्रास देणारे काही करायला सांगितले, तर ते संघटनेच्याच नियमांच्या विरुद्ध आहे. त्याच दिवशी बाहेर पड आणि विद्यापीठाला कळव.

बैठकीहून परत आलीस की, मिळालेली उत्तरे बाबांना जशीच्या तशी सांग, न आवडलेलीही. सल्लागार अध्यापकांचे नाव आणि विद्यापीठातील त्यांचा विभाग त्यांना पाठव. पहिल्या दोन-तीन कामांना जाऊन आल्यावर पुन्हा एकदा घरी बोल, आणि मगच नाव नोंदवायचे की नाही ते ठरव.

तुझी,
सदरलेखिका